आरोग्य साक्षरता : ठाणे–कल्याण परिसरातील निर्वासित व स्थलांतरित कुटुंबे

आरोग्याची माहिती मिळवणे, ती समजून घेणे, पारखणे आणि तिच्या आधारे स्वतःच्या व घरच्यांच्या प्रकृतीविषयी निर्णय घेणे या क्षमतेस आरोग्य साक्षरता म्हणतात. स्कॉट सायमंड्स यांनी ही संज्ञा १९७४ मध्ये वापरली. डॉन नटबीम यांनी २००० मध्ये तिच्या तीन पायऱ्या मांडल्या : औषधाच्या पाकिटावरील सूचना कळणे, डॉक्टरांना प्रश्न विचारता येणे आणि मिळालेली माहिती पारखून परिस्थिती बदलता येणे. लिहितावाचता येणारा माणूसही परक्या गावात, परक्या भाषेत पहिल्याच पायरीवर अडू शकतो. ठाणे जिल्ह्यात हा प्रश्न दोन पिढ्यांच्या स्थलांतरांशी जोडलेला आहे.

सिंधी निर्वासित : फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत आसरा मिळाला. या वसाहतीस ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले. तेथील पत्ते आजही कॅम्पच्या क्रमांकाने सांगितले जातात. सिंधी भाषा अरबी वळणाच्या व देवनागरी अशा दोन लिप्यांत लिहिली जाते. त्यामुळे एकच पत्रक आजोबा आणि नातू दोघांनाही वाचता येईलच असे नाही.

या समाजात बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक तुलनेने अधिक आढळतात. वाहक व्यक्ती सहसा निरोगी असते. तिच्या तांबड्या पेशी लहान दिसतात, म्हणून लोहाची कमतरता समजून गोळ्या दिल्या जाण्याचा संभव असतो. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तीव्र थॅलेसेमिया होण्याची शक्यता २५ टक्के असते. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि शरीरात साठणारे लोह काढण्यासाठी औषधेही घ्यावी लागतात. हिमोग्लोबिन ए-२ चे प्रमाण मोजणाऱ्या रक्ततपासणीने वाहक ओळखता येतो. ही तपासणी लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच व्हायला हवी. ‘वाहक’ म्हणजे ‘आजारी’ ही समजूत आणि स्थळ मोडण्याची भीती या तिच्या वाटेतील खऱ्या अडचणी आहेत.

कष्टकरी स्थलांतरित : भिवंडीच्या यंत्रमागांवर, ठाणे-डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींत आणि बांधकामांवर उत्तर प्रदेश, बिहार व तेलंगणातून आलेले कामगार राबतात. कातकरी या आदिवासी समाजातील कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याआधी परततात. लसीकरणाचे कार्ड गावी राहिले की बाळाचा पुढचा डोस चुकतो. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत द्यायचा असतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईसह भिवंडीत पसरलेल्या गोवराच्या साथीने अशा चुकलेल्या डोसांची किंमत दाखवली. सरकारी केंद्रातील लस मोफत असते. त्यासाठी स्थानिक शिधापत्रिका लागत नाही, एवढे कळले तरी अनेक आयांचा संकोच दूर होईल.

नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दोनेक महिन्यांत बरे वाटू लागते आणि औषध सुटते. त्यातच गावी जाणे आले, तर खंड पडतो. क्षयरुग्णांच्या ‘निक्षय’ या सरकारी नोंदणीमुळे उपचार दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येतो. पोषणासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० झाली.

उपाय : २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात २०० ते ५०० घरांमागे एक आशा स्वयंसेविका आणि ५० ते १०० घरांमागे महिला आरोग्य समिती कल्पिलेली आहे. वस्तीतलीच बाई घरच्या भाषेत सांगते, तेव्हा शंका विचारायला भीड वाटत नाही. “समजले का?” या प्रश्नाला मान डोलावली जाते, म्हणून गोळ्या कशा व किती दिवस घ्यायच्या हे रुग्णाकडूनच त्याच्या शब्दांत वदवून घ्यावे. त्याला ते सांगता आले नाही, तर समजावण्यात उणीव राहिली असे मानून पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगणे ही आरोग्यसेवेची जबाबदारी आहे.