क्योतोची रात्र : एका बंद दारामागचा इतिहास

काही वर्षांपूर्वी, एप्रिलमधल्या एका संध्याकाळी, क्योतोच्या गिऑन भागात मी एका लाकडी जाळीच्या दारासमोर उभा होतो. बाहेर कागदी कंदील, आतून शामिसेन या तंतुवाद्याचा आवाज. आत जेवायला बसता येईल का, असे बरोबरच्या जपानी मित्राने विचारले. दार उघडणाऱ्या बाईंनी कमरेतून वाकून, अत्यंत गोड शब्दांत नकार दिला. जागा नव्हती असे नाही. आमची ओळख सांगणारे कोणी नव्हते. ‘इचिगेन-सान ओकोतोवारी’, म्हणजे ओळखीवाचून पहिल्यांदा येणाऱ्याला प्रवेश नाही, हा तिथला जुना रिवाज. मला अपमान वाटला, हे कबूल करतो. पण त्या नकाराचे कारण शोधता शोधता या शहराच्या रात्रीचा इतिहासच हाती लागला.

गंमत अशी, की आरंभी या शहराला बाजाराची रात्र नव्हतीच. ७९४ साली राजधानी म्हणून आखलेल्या या नगरात पूर्वेचा आणि पश्चिमेचा असे दोन सरकारी बाजार होते. ते दुपारी उघडत आणि सूर्यास्ताला ढोल वाजवून बंद होत. मेजवान्या व्हायच्या त्या सरदारांच्या वाड्यांत. घराबाहेर पैसे देऊन खाण्याची सोय पुढे देवळांच्या आधाराने वाढली. आज यासाका म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गिऑनच्या देवस्थानासमोर यात्रेकरूंना चहा देणाऱ्या टपऱ्या उभ्या राहिल्या. चहाबरोबर मिसो लावून भाजलेला टोफू आला, मग साके आली, मग वाढणाऱ्या मुलींचे गाणे-नाचणे आले. ‘ओचाया’ म्हणजे चहाघर हे नाव तेवढे टिकले. चहा मात्र मागे पडला.

दुसरा आधार नदीचा. १६०३च्या सुमारास इझुमोच्या ओकुनी नावाच्या स्त्रीने क्योतोत उघड्यावर नृत्य केले आणि काबुकीचा जन्म झाला. शिजोजवळचे कामो नदीचे पात्र नाटकांच्या मांडवांनी गजबजले. पण १६२९ साली शोगुनशाहीने स्त्रियांना रंगमंचावर बंदी घातली. काबुकी पुरुषांची झाली. स्त्रियांचे नृत्य मुख्यतः बैठकीच्या खोल्यांत, निवडक पाहुण्यांपुरते उरले. १६७०च्या सुमारास नदीला दोन्ही बाजूंनी बांध घातले गेले, मोकळी झालेली जमीन वसली, आणि पोंतोचो व गिऑनच्या गल्ल्या आकाराला आल्या. उन्हाळ्यात नदीकाठी लाकडी मंचकांवर बसून जेवण्याची तिथली प्रथाही एदो काळातली. आजही मे महिन्यापासून ते मंच बांधले जातात.

या जेवणावर भूगोलाची छाप आहे. क्योतोला समुद्र नाही. वाकासा प्रांतातल्या ओबामा बंदरातून मीठ लावलेला ‘साबा’ हा आपल्या बांगड्याचा भाऊबंद सुमारे सत्तर किलोमीटर डोंगर ओलांडून पाठीवरून येई. उन्हाळ्यात जिवंत पोचणारा मासा एकच, तो ‘हामो’. कोकणात ज्याला वाम म्हणतात त्याच कुळातला हा मासा. तो काट्यांनी भरलेला असतो, म्हणून तीन सेंटीमीटरमध्ये वीस-पंचवीस चिरा देऊन, कातडी न तुटू देता काटे कापण्याचे कसब तिथल्या आचाऱ्यांनी कमावले. जुलैतल्या गिऑन उत्सवात हामो हवाच. सुकवलेला हेरिंग घातलेली सोबा शेवयांची वाटी हीदेखील समुद्रापासून दूर असलेल्या शहराचीच सोय. तिचा जन्म १८८२चा.

आता त्या बंद दाराकडे येतो. ओचायात जेवण शिजत नाही. ते बाहेरच्या खानसाम्यांकडून मागवले जाते. नाचणाऱ्या ‘गेइको’ आणि शिकाऊ ‘माइको’ ज्या घरांत राहतात, ती ‘ओकिया’ वेगळी. त्यांच्या वेळेचा हिशेब पूर्वी उदबत्त्या मोजून होई. जेवण, गेइको, परतीचे वाहन, हा सारा खर्च ओचायाची यजमानीण आधी स्वतः करते. पाहुणा त्या रात्री पाकीट काढत नाही. बिल मागाहून जाते. सगळा व्यवहार उधारीचा, म्हणून ओळख ही इथे तारण असते. नव्या पाहुण्याने पैसे बुडवले तर ते त्याला घेऊन येणाऱ्याने भरायचे. मला मिळालेला नकार हा अशा रीतीने सावकारी शहाणपणाचा भाग होता.

पण याच उधारीची दुसरी वही होती. शहराच्या पश्चिमेला शिमाबारा ही परवाना असलेली वस्ती १६४१ साली वसवली गेली. तिथले ‘सुमिया’ हे भव्य भोजनगृह अजून उभे आहे. ओचायासारखे नव्हे, त्याला स्वतःचे प्रशस्त स्वयंपाकघर आहे. बुसोन या कवी-चित्रकाराचे काम तिथे जपलेले आहे, आणि शिन्सेन्गुमी या सशस्त्र पथकाच्या तलवारींच्या खुणाही. मार्गदर्शक त्या खुणा आवर्जून दाखवतात. न दिसणारी खूण मात्र अशी : अशा वस्त्यांतल्या अनेक मुली आईबापांना दिलेल्या आगाऊ रकमेच्या बदल्यात तिथे आलेल्या होत्या. कपडे, जेवण, शिक्षण यांचा खर्च त्या कर्जातच चढत जाई. पाहुण्याची उधारी त्याची प्रतिष्ठा ठरे. मुलीची उधारी तिची बेडी.

या दोन वह्या एकाच वर्षी समोरासमोर आल्या, ते वर्ष १८७२. राजधानी तोक्योला गेली होती. सम्राटामागोमाग दरबारी आणि त्यांच्यावर जगणारे व्यापारीही निघून चालले होते. शहर सावरण्यासाठी क्योतोने औद्योगिक प्रदर्शन भरवले आणि त्याला जोडून वसंतात गिऑनच्या स्त्रियांचा सामुदायिक नृत्यप्रयोग ठेवला : ‘मियाको ओदोरी’. नृत्य बसवले तिसऱ्या इनोउए याचियो यांनी. ओळखीची अट नव्हती; तिकीट काढणाऱ्या कोणालाही ते पाहता येई. बैठकीत कोंडलेले नृत्य पुन्हा लोकांसमोर आले, तेही शहराचे पोट भरण्यासाठी.

त्याच उन्हाळ्यात मकाऊहून पेरूकडे चिनी मजूर नेणारे ‘मारिया लुझ’ जहाज योकोहामाला थांबले. एका मजुराने समुद्रात उडी टाकली, खटला उभा राहिला, आणि जपानी न्यायालयाने मजुरांना मुक्त केले. तेव्हा जहाजाच्या वकिलाने बिनतोड सवाल केला : तुमच्या देशात मुलींची विक्री कायदेशीर आहे, मग आम्हालाच दोष का? शरद ऋतूत सरकारने गेइशा आणि वेश्यांच्या मुक्तीचा हुकूम काढला. न्यायखात्याच्या आदेशातला युक्तिवाद विलक्षण होता. या स्त्रियांना माणसाचे हक्क नाकारून गुराढोरांच्या पंक्तीला बसवले गेले आहे. आणि गुराढोरांकडून कोणी कर्ज वसूल करत नाही, म्हणून कर्ज रद्द!

वसंतात ज्यांनी शहर सावरले, शरदात राज्याने त्यांची गणना अशी केली. माझ्या मते ही केवळ शब्दांची क्रूरता नाही. त्यांना मोकळे करतानाही त्यांना हक्क आहेत म्हणून नव्हे, तर त्यांना हक्कच नव्हते म्हणून मोकळे केले गेले. मुक्तीही फार टिकली नाही. लवकरच ‘भाड्याच्या खोल्या’ अशा नव्या नावाने परवाने सुरू झाले. स्त्री कागदावर स्वेच्छेने काम करू लागली आणि आगाऊ रक्कम तशीच राहिली. वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा पूर्णपणे लागू व्हायला १९५८ साल उजाडले.

दुसऱ्या दिवशी मी तिकीट काढून मियाको ओदोरी पाहिली. दीडशे वर्षांपूर्वी उघडलेले तेवढे एक दार माझ्यासारख्या बिनओळखीच्या माणसाला आजही खुले आहे. गेइको आणि माइको जिथे शिकतात त्या शाळेचे नाव आहे ‘यासाका न्योकोबा गाकुएन’. ‘न्योकोबा’ म्हणजे स्त्रियांच्या हस्तकामाची जागा. मुक्तीच्या हुकुमानंतर, या स्त्रियांना शिवण-विणकाम शिकवून वेगळी वाट मिळावी म्हणून क्योतोत अशा जागा निघाल्या होत्या. आज तिथे नृत्य, शामिसेन आणि चहाविधी शिकवतात. शिवणकामाची जागा नृत्याने घेतली, नाव मात्र कोणी बदलले नाही. प्रयोग संपल्यावर बाहेर पडलो तेव्हा गल्लीतले कंदील लागले होते आणि खानसाम्याचा माणूस लाकडी पेट्या घेऊन एका दाराशी पोचला होता. त्याच्यासाठी दार लगेच उघडले.