रक्तातच असते काय?



"आमच्या खानदानात कुणी शिकलेले नाही, मास्तर. ते आमच्या रक्तातच नाही." हे वाक्य ऐकले नाही असा शिक्षक विरळा. "सुनेला तिसरीही मुलगीच झाली, तिच्या माहेरीच तसे आहे," हे दुसरे वाक्य तर घरोघर ऐकू येते. वरवर पाहता ही दोन वाक्ये निराळी आहेत, पण त्यांचे मूळ एकच आहे. आईबापांकडून मुलांकडे काय येते आणि काय येत नाही, याविषयी आपण करून घेतलेला समज. हा समज तपासून पाहण्याचे काम गेल्या दीडशे वर्षांत शास्त्रज्ञांनी केले आहे. त्याची हकीकत पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी एकदा तरी वाचावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

पूर्वी जगभर अशी समजूत होती की, आईचे आणि बापाचे गुण मुलात मिसळतात. दुधात पाणी मिसळावे तसे. "रक्ताचे नाते", "रक्ताचा गुण" हे शब्द त्याच समजुतीतून आलेले आहेत. १८५९ साली चार्ल्स डार्विनने उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला. सजीवांमध्ये लहानमोठे फरक असतात, उपयोगी फरक असलेले जीव टिकतात आणि तो फरक पुढच्या पिढीला देतात, असे त्याचे म्हणणे. पण गुण जर दूधपाण्यासारखे मिसळत असतील, तर एखाद्या जीवातला नवा उपयोगी गुण पहिल्या पिढीत निम्मा, दुसऱ्या पिढीत पाव असा विरून जाईल. मग तो टिकणार कसा? या शंकेचे समाधानकारक उत्तर डार्विनपाशी नव्हते. ते उत्तर त्याच वेळी युरोपातल्या एका मठाच्या बागेत वाटाण्याच्या वेलांवर तयार होत होते.

त्या बागेचा माळी म्हणजे ग्रेगोर मेंडेल. त्याचा जन्म १८२२ साली, आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या एका खेड्यात झाला. बाप गरीब शेतकरी. आठवड्यातले तीन दिवस त्याला जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे. मुलगा हुशार निघाला, शिकायला दूर गेला. पण १८३८ साली बापाच्या अंगावर झाड कोसळले आणि घरची मदत थांबली. शिकवण्या करून मुलगा कसाबसा शिकत राहिला. शिक्षण अर्ध्यावर सुटण्याची वेळ आली, तेव्हा त्याची धाकटी बहीण तेरेझिया पुढे आली. आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतला काही भाग तिने भावाच्या शिक्षणाला दिला. बहिणीचे हे ऋण मेंडेल विसरला नाही. पुढे त्याने तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला मदत केली आणि त्यांतले दोघे डॉक्टर झाले.

१८४३ साली मेंडेल ब्रनो शहरातल्या मठात दाखल झाला. पोटाची काळजी मिटली आणि शिक्षणाची सोय झाली. तो शाळेत शिकवू लागला. पण शिक्षकाच्या सनदेच्या परीक्षेत तो १८५० साली नापास झाला. १८५६ साली पुन्हा बसला, तेव्हाही सनद मिळाली नाही. विद्यार्थी मित्रहो, हे लक्षात ठेवा. ज्याला आज आनुवंशिकशास्त्राचा जनक म्हणतात, त्याने सुमारे चौदा वर्षे ब्रनोच्या शाळेत बिनसनदी शिक्षक म्हणून काम केले.

१८५६ ते १८६३ या आठ वर्षांत त्याने सुमारे २८,००० वाटाण्याची झाडे वाढवून तपासली. दाणा गोल की सुरकुतलेला, पिवळा की हिरवा, झाड उंच की बुटके, असे सात गुण त्याने निवडले. गोल दाण्याच्या आणि सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडांचा त्याने संकर केला. पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल आले. सुरकुत्या जणू नाहीशाच झाल्या. मग त्या गोल दाण्यांची झाडे वाढवून त्यांचेच आपापसात बी धरू दिले. दुसऱ्या पिढीत ५,४७४ दाणे गोल आणि १,८५० सुरकुतलेले निघाले. म्हणजे जवळपास तिनास एक. सातही गुणांच्या बाबतीत हेच प्रमाण आले.

याचा अर्थ काय? सुरकुतलेपणाचा गुण पहिल्या पिढीत विरला नव्हता, तो फक्त झाकला गेला होता. प्रत्येक झाडात एका गुणासाठी दोन घटक असतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून. दोन्ही वेगळे असतील तर एक प्रभावी ठरतो आणि दुसरा झाकलेला राहतो. पण पुढच्या पिढीत जाताना दोघे पुन्हा सुटे होतात. धान्याचे दाणे एकत्र केले तरी पुन्हा निवडता येतात, तसे हे आहे. या घटकांना आज आपण जनुके म्हणतो. ८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ रोजी मेंडेलने ब्रनोच्या निसर्गअभ्यासकांपुढे आपला निबंध वाचला आणि १८६६ साली तो छापून आला. कुणी फारशी दखल घेतली नाही. डार्विनलाही त्याची वार्ता पोहोचली नाही. १८८४ साली मेंडेल वारला आणि १९०० साली तीन शास्त्रज्ञांना स्वतंत्रपणे तेच नियम पुन्हा सापडले, तेव्हा कुठे जगाला त्याची किंमत कळली.

हा नियम वाटाण्यापुरता नाही. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराचे उदाहरण घ्या. दोषी जनुक एकच असेल तर माणूस धडधाकट असतो, त्याला वाहक म्हणतात. पती आणि पत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला तीव्र आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. अशा मुलाला बहुधा जन्मभर वरचेवर रक्त द्यावे लागते. नात्यात लग्न झाले की एकाच आजोबा-आजीकडून आलेले तेच झाकलेले जनुक दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो. नात्यातली सगळीच लग्ने वाईट, असे मला म्हणायचे नाही. पण निकाहाची बोलणी करताना आपण घरदार, नोकरी, स्वभाव सारे पाहतो. त्यात मुलामुलीची एक साधी रक्ततपासणी करून घेतली, तर लाजण्याचे त्यात काहीच नाही.

आता मुलीची गोष्ट. नेटी स्टीव्हन्स नावाची एक अमेरिकन शिक्षिका होती. शाळेत शिकवून पैसे साठवीत तिने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८९६ साली, विद्यापीठात प्रवेश घेतला. १९०५ साली तिने पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. मादीच्या पेशीत २० मोठी गुणसूत्रे होती. नराच्या पेशीत १९ मोठी होती आणि विसावे अगदी लहान. त्यावरून तिने दाखवले की, संतती नर होणार की मादी, हे नराच्या बीजातून कोणते गुणसूत्र आले यावर ठरते. त्याच साली एडमंड विल्सन यानेही स्वतंत्रपणे असाच निष्कर्ष काढला.

माणसाचेही तसेच आहे. आईपाशी दोन्ही एक्स गुणसूत्रे असतात. ती दुसरे काही देऊच शकत नाही. बापापाशी एक एक्स आणि एक वाय असते. त्याच्याकडून एक्स आले तर मुलगी, वाय आले तर मुलगा. तेव्हा मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणे हे अन्यायाचे तर आहेच, शिवाय अज्ञानाचेही आहे. बापालाही दोष देण्याचे कारण नाही; कोणते बीज पोहोचावे हे त्याच्या हाती नसते. आधी तीन मुली झाल्या म्हणून चौथ्या वेळची शक्यता बदलत नाही, ती जवळपास निम्मीच राहते. एवढे साधे ज्ञान घरोघर पोहोचले असते, तर गर्भलिंगचाचणीविरुद्ध १९८८ साली महाराष्ट्राला आणि १९९४ साली देशाला कायदा करावा लागला नसता. सूक्ष्मदर्शकाने जे १९०५ साली सांगितले, ते आपल्या ओटीवर अजून पुरते पोहोचलेले नाही.

राहिला शिक्षणाचा प्रश्न. "रक्तातच नाही" म्हणणाऱ्या पालकांसाठी आणखी एक प्रयोग सांगतो. आईबापांनी आयुष्यात कमावलेले किंवा गमावलेले मुलांत उतरते काय, हे तपासण्यासाठी जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइसमान याने १८८० नंतरच्या दशकात पांढऱ्या उंदरांच्या शेपट्या पिढ्यान् पिढ्या कापल्या. पाच पिढ्यांत ९०१ पिल्ले झाली. एकही पिल्लू बिनशेपटीचे जन्मले नाही. आपल्याकडेही शेकडो वर्षे मुलींचे कान टोचतात, म्हणून कुणी मुलगी टोचलेले कान घेऊन जन्माला येत नाही.

आता हाच न्याय विद्येला लावा. प्राध्यापकाचा मुलगा मुळाक्षरे शिकून जन्मत नाही. त्यालाही अलिफपासून, 'अ'पासून सुरुवात करावी लागते. बापाची विद्या जर मुलाच्या रक्तात उतरत नाही, तर बापाचे अडाणीपणही उतरत नाही. हमालाचे मूल आणि हाकिमाचे मूल पाटीवर पहिला अक्षर काढताना सारखीच कोरी पाटी घेऊन बसतात. कुवतीत आनुवंशिकतेचा काहीच वाटा नाही, असे नव्हे. एकाच घरात एक मूल चपळ तर एक संथ असते. पण उत्तम बियाणेही खडकावर उगवत नाही. पोटभर अन्न, घरात पुस्तक, अभ्यासाला कोपरा आणि विचारपूस करणारे माणूस मिळाले नाही, तर मूल किती वाढू शकले असते हे कळणारच कसे? घराण्यात कुणी शिकले नाही याचे कारण रक्तात शोधण्याआधी आपल्या आजोबांच्या गावात शाळा होती काय, आणि होती तर फी परवडत होती काय, हे विचारावे.

"रक्तातच आहे" ही समजूत किती दूर जाते, हेही इतिहासात नमूद आहे. गरीब, मंद, आजारी माणसांचे रक्तच हलके, असे म्हणून अमेरिकेतील इंडियाना राज्याने १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. १९३३ साली हिटलरच्या जर्मनीने तसाच कायदा केला आणि त्याखाली सुमारे चार लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. मेंडेलने वाटाण्यावर जे मोजले, ते न मोजता माणसांच्या माथी मारण्यात आले. दुसऱ्याने आपल्याविषयी असे बोललेले आपल्याला खपणार नाही. मग आपणच आपल्या मुलांविषयी ते का बोलावे?

पालक बंधू-भगिनींनो, वारशाने मुलाला डोळ्यांचा रंग मिळतो, केसांचे वळण मिळते, काही आजारही मिळतात. विद्या मात्र प्रत्येक पिढीला नव्याने द्यावी लागते. ती कुणीतरी दिली तरच मिळते. मेंडेलला ती एका बहिणीने आपल्या लग्नाच्या पैशांतून दिली. तेव्हा यंदा मुलाचे, आणि विशेषतः मुलीचे, नाव शाळेतून काढण्याचा विचार मनात आला, तर "आमच्यात नाही" हे कारण पुढे करू नका. अडचण पैशाची असेल तर ती शिक्षकांना मोकळेपणाने सांगा, त्यावर मार्ग निघू शकतो. रक्तावर ढकललेल्या अडचणीवर मात्र कुणीच मार्ग काढू शकत नाही.