कातळातल्या मेखेची कुळकथा

कड्यावर कायमचा बसवलेला बोल्ट हा मेखेचा वंशज. पण मेखेच्याही आधी दोर नैसर्गिक खडकालाच अडकवत. दुहेरी दोराने खाली यायचे आणि एक टोक ओढून दोर परत मिळवायचा, ही रॅपलिंगची युक्ती शामोनीचा वाटाड्या झां शार्ले-स्त्रातों याच्या नावावर जमा आहे. पती द्र्यू सुळक्यावर त्याने ती १८७६च्या सुमारास वापरली.

१९१०च्या आसपास ऑस्ट्रियाच्या हान्स फीश्टलने एकाच लोखंडी तुकड्यातून डोळ्यासकट मेख घडवली. त्याच सुमारास म्युनिकच्या ओटो हेर्त्सोगने अग्निशामक दलाकडचा कॅराबिनर, म्हणजे उघडमिटीची धातूची कडी, कड्यावर आणला. आता मेख फटीत ठोकून तिच्यात दोर अडकवता येऊ लागला आणि मागून येणारा ती उपटून नेऊ शकत होता. अडचण एकच होती : मेखेला फट लागते.

फट नसलेल्या कातळाचे उत्तर अमेरिकेत १९३९च्या ऑक्टोबरमध्ये मिळाले. न्यू मेक्सिकोतल्या शिपरॉकवर डेव्हिड ब्रॉवर आणि त्याच्या तीन साथीदारांनी कातळाला भोके पाडून ४ एक्स्पान्शन बोल्ट बसवले. हे तंत्र बांधकामातले होते. नट आवळला की बोल्टचा शंकू आत ओढला जातो, भोवतीची नळी फुगते आणि भोकाच्या भिंतीला घट्ट धरते. यामुळे फटीची गरज संपली आणि कुठे चढता येईल याची मर्यादाही. मात्र मेख उपटता येते, भोक बुजत नाही. बोल्टवरचे सगळे वाद इथूनच सुरू झाले.

१९७०मध्ये इटलीच्या चेझारे माएस्त्रीने पातागोनियातल्या चेरो तोरे सुळक्यावर पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर ओढून नेला आणि शेकडो बोल्ट ठोकत वाट काढली. २०१२मध्ये हेडन केनेडी आणि जेसन क्रुक या तरुणांनी त्यातले शंभराहून अधिक बोल्ट उपटले. कुणी त्यांची पाठ थोपटली, तर कुणी शिव्या घातल्या.

दुसरा धडा गंजाने दिला. थायलंडच्या रायले किनाऱ्यावर चुनखडीच्या कड्यांवर बसवलेले स्टेनलेस स्टीलचे बोल्ट थोड्याच वर्षांत तुटू लागले. वरून चकचकीत दिसणाऱ्या धातूत खाऱ्या हवेतल्या क्लोराइडने आतल्या आत भेगा पाडल्या होत्या. म्हणून तिथे आज रेझिनने चिकटवलेले टायटॅनियमचे बोल्ट बसवतात. बोल्ट निवडताना समुद्र किती जवळ आहे, हे म्हणूनच आधी पाहावे लागते. वेगवेगळे धातू एकत्र आले तरी गंज लवकर चढतो. त्यामुळे बोल्ट आणि हँगर, म्हणजे बोल्टवर बसणारी दोर अडकवायची पट्टी, एकाच धातूचे हवेत.

धातू ठरला की बोल्ट बसवणारा आधी हातोडीने कातळ वाजवून पाहतो. घट्ट दगड खणखणतो, पोकळ दगड बद्द वाजतो. सह्याद्रीत याला जास्तच महत्त्व आहे, कारण बसाल्टच्या टणक थरांमध्ये लाल मातीचे ठिसूळ पट्टेही सापडतात. मग कातळाच्या कडांपासून आणि भेगांपासून अंतर राखून, कातळाशी काटकोनात भोक पाडायचे. ब्रश फिरवून आणि हवा फुंकून आतली भुकटी काढायची. भुकटी राहिली तर रेझिन दगडाला धरण्याऐवजी तिलाच धरते. रॅपलिंगच्या जागी एकाऐवजी दोन बोल्ट लावून भार वाटून घेतात आणि दोर गोल कडीतून ओवतात. धारदार कडेच्या हँगरमधून ओढला तर तो कापला जाऊ शकतो. युरोपीय मानक ईएन ९५९प्रमाणे कातळाला समांतर ओढ लागली तर बोल्टने २५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण अडीच टन, पेलले पाहिजेत.

या अडीच टनांचा भरवसा बसवणाऱ्यापेक्षा इतरांनाच जास्त लागतो. मेख तिच्या मालकाबरोबर घरी जायची. बोल्टवर मात्र पुढची कित्येक वर्षे अनोळखी माणसे लटकणार असतात. म्हणून जुना बोल्ट बदलताना जाणकार शक्यतो तो मुळासकट काढतात, तेच भोक साफ करून नवा त्यातच बसवतात आणि कातळाला दुसरे भोक पाडणे टाळतात.