आधी पडायला शिका

गावच्या तालमीत पहिल्या दिवशी काय घडते, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी अनुभवले असेल. वस्ताद मातीला हात लावून तो कपाळाला लावायला सांगतात, चार जोर, चार बैठका काढवून घेतात, आणि मग एखादा थोराड पठ्ठा नव्या पोराला अंगावर घेतो. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच पोराची पाठ मातीला लागलेली असते, आणि भोवतालची मुले हसतात. माझेही असेच झाले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, अंगाने किडकिडीत. पहिल्या दिवशी तीनदा पाठ टेकली, आणि चौथ्या दिवसापासून मी तालमीचा रस्ताच सोडला. ज्यांनी मला पाडले त्यांचा त्यात काही दोष नव्हता. पण पडलेल्या पोराने पुढे काय करायचे, हे मात्र मला कोणी सांगितले नाही.

ही जुनी गोष्ट आज आठवण्याचे कारण असे, की गेल्या वर्षापासून माझी मुलगी आमच्या शहरात ब्राझिलियन जिऊ-जित्सू नावाचा कुस्तीप्रकार शिकू लागली आहे. तिला आणायला म्हणून एके दिवशी मी जरा लवकर गेलो. पाहतो तर काय, पहिला अर्धा तास मुले नुसती पडत होती! मागे पडायचे, बाजूला पडायचे, हनुवटी छातीशी धरायची, हाताने जमिनीवर थाप मारायची, आणि पुन्हा उठायचे. कोणी हसत नव्हते. मी इतिहासाचा शिक्षक. तेव्हा ही रीत आली कोठून, हे शोधल्यावाचून मला राहवेना. ती हकीकत आज तुमच्यापुढे ठेवतो.

हकीकत सुरू होते जपानात. १८६८ साली तेथे मेइजी राजवट आली आणि जुन्या सरंजामशाहीचा अस्त झाला. १८७६ मध्ये सामुराईंना कमरेला तलवार बांधून फिरण्याची बंदी झाली. जुन्या शस्त्रविद्यांबरोबर जुजुत्सु ही नि:शस्त्र झुंजीची विद्याही लोकांच्या मनातून उतरली. ‘जु’ म्हणजे मऊ, लवणारे. ‘जुत्सु’ म्हणजे विद्या. ती शिकवणारे कित्येक गुरू पोटासाठी हाडे बसवण्याचा धंदा करू लागले. आपल्याकडे हाडवैद्य असतात ना, तसेच.

अशा काळात जिगोरो कानो नावाचा एक विद्यार्थी टोकियोत शिकत होता. जन्म १८६०चा, बुद्धीने तल्लख, पण बुटका आणि अशक्त. वसतिगृहातील दांडगी मुले त्याला छळत. लहान माणसानेही मोठ्याला नमवावे अशी एक विद्या आहे, एवढे त्याने ऐकले होते. पण शिकवणार कोण? वडिलांना हे वेड पसंत नव्हते. हाडे बसवणाऱ्यांना विचारत विचारत अखेर १८७७ साली तो फुकुदा हाचिनोसुके या गुरूंकडे पोहोचला.

आता फुकुदांची शिकवण्याची पद्धत पाहा. कानोने एकदा एका डावाविषयी विचारले, की यात हात कुठे आणि पाय कुठे ठेवायचा? गुरूंनी उत्तर न देता त्याला उचलून आपटले. त्याने पुन्हा विचारले, पुन्हा आपटले. शेकडो वेळा आपटून घेतलेस म्हणजे आपोआप कळेल, असा त्यांचा भाव. जुन्या गुरूंची रीत जगभर अशीच होती, आणि तिच्यातून मोठमोठे मल्ल निपजले, हेही खरे. पण जे निपजले त्यांची नावे आपल्याला माहीत होतात. जे तिसऱ्या दिवशी घरी गेले त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

कानो मात्र घरी गेला नाही. एका वजनदार सहाध्यायाला तो काही केल्या पाडू शकत नव्हता, तेव्हा त्याने ग्रंथालयातून पाश्चात्त्य कुस्तीवरचे पुस्तक काढले, आणि प्रतिस्पर्ध्याला खांद्यांवर आडवा उचलून टाकण्याचा डाव त्यातून उचलला. ‘काता-गुरुमा’ म्हणून पुढे प्रसिद्ध झालेला हा डाव आमच्या तालमीतील कोणी पाहिला, तर तो म्हणेल, ‘अहो, हा तर आपल्या कलाजंगाचा भाऊ!’

१८८२ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, कानोने टोकियोतील एइशोजी या बौद्ध मंदिरात आपली शाळा काढली. तिचे नाव कोदोकान. जागा केवढी? बारा चटयांची, म्हणजे आपल्या घरातल्या एका मध्यम खोलीएवढी. पहिल्या वर्षीचे विद्यार्थी नऊ. माणसे आपटण्याच्या धक्क्यांनी मंदिरातील स्मृतिपट्टिका हादरत, म्हणून तेथील भिक्षू कुरकुर करीत. आपल्या विद्येला कानोंनी ‘ज्युदो’ म्हणजे ‘लवचीकपणाचा मार्ग’ असे नाव दिले.

शिक्षकांनी पुढच्या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. कानो हे व्यवसायाने तुमच्या-माझ्यासारखे शिक्षक होते. टोकियोच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्रमुखपद त्यांनी वीसहून अधिक वर्षे सांभाळले. त्यामुळे मल्लविद्येकडे त्यांनी वर्गात बसलेल्या मुलाच्या बाजूने पाहिले. त्यांनी तीन गोष्टी पक्क्या केल्या. पहिली, पाडायच्या आधी पडायला शिकवायचे. या पडण्याच्या शिक्षणाला ‘उकेमी’ म्हणतात. दुसरी, जीव किंवा अवयव धोक्यात घालणारे प्रकार वगळून दोघांनी पूर्ण जोराने मोकळा सराव करायचा. तिसरी, प्रगतीच्या पायऱ्या आखायच्या. १८८३ मध्ये त्यांनी पहिल्या दोन शिष्यांना श्रेणी दिली, आणि पुढे काळा पट्टा ही वरच्या श्रेणीची खूण झाली. १९२६ मध्ये कोदोकानात स्त्रियांचा स्वतंत्र विभागही निघाला.

आता ही विद्या समुद्रापार कशी गेली ते पाहू. उत्तर जपानात १८७८ साली जन्मलेला मित्सुयो माएदा १८९७ मध्ये कोदोकानात दाखल झाला आणि १९०४ साली प्रचारासाठी अमेरिकेत गेला. पुढची दहा वर्षे त्याची फिरती चालू होती: अमेरिका, इंग्लंड, स्पेन, क्यूबा, मेक्सिको. नाटकगृहे, सर्कशी, जत्रा, जेथे आखाडा मिळेल तेथे तो झुंजला. स्पेनमध्ये त्याला ‘कोंदे कोमा’ हे नाव पडले. कोंदे म्हणजे सरदार. १९१४ मध्ये तो ब्राझीलला पोहोचला आणि अ‍ॅमेझॉनच्या मुखाजवळील बेलें या शहरात स्थायिक झाला. त्याच्या आधी १९०८ मध्ये ‘कासातो मारू’ या जहाजातून ७८१ जपानी शेतमजूर कॉफीच्या मळ्यांसाठी ब्राझीलमध्ये उतरले होते. माएदाने उत्तर आयुष्यात अशा स्थलांतरितांच्या वसाहतींसाठी खपून काम केले, आणि १९४१ साली बेलेंमध्येच देह ठेवला.

बेलेंमध्ये ग्रेसी नावाचे एक कुटुंब होते. त्यातील १९०२ साली जन्मलेला कार्लोस हा व्रात्य मुलगा १९१७च्या सुमारास माएदाच्या विद्येकडे ओढला गेला. तो प्रत्यक्ष माएदाजवळ किती काळ शिकला आणि त्याच्या शिष्यांजवळ किती, याविषयी इतिहासकारांत वाद आहे. पुढे हे कुटुंब रिओ द जानेरोला गेले. तेथे कार्लोस आणि त्याचे भाऊ शिकवू लागले. जपानात नाव बदलून ज्युदो झाले, तरी ब्राझीलमध्ये जुनेच नाव पोर्तुगीज वळणाने चिकटून राहिले: जिऊ-जित्सू.

कार्लोसचा धाकटा भाऊ एलियो, जन्म १९१३. त्याची गोष्ट ग्रेसी घराण्यात अशी सांगतात: हा मुलगा इतका अशक्त, की वैद्याने व्यायामाची बंदी केलेली, तो नुसता बसून भावाचे वर्ग पाहत असे, एके दिवशी कार्लोसला यायला उशीर झाला, तेव्हा आलेल्या विद्यार्थ्याला एलियोने शिकवले, आणि त्या गृहस्थाने यापुढे याच्याकडेच शिकेन म्हटले. घराण्याच्या कथा थोड्या तिखटमीठ लावूनच घ्याव्या लागतात. एलियो पोहत असे, वल्ही मारीत असे, अशाही नोंदी आहेत. पण एवढे खरे, की तो लहान चणीचा होता, आणि ताकदीपेक्षा तरफेवर, घाईपेक्षा धीरावर भर देणारी शैली या भावंडांच्या हाताखाली वाढली.

या शैलीचे मर्म आपल्या कुस्तीशी ताडून पाहिले म्हणजे चटकन ध्यानात येते. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती संपली. चीतपट! हलगी वाजली, फेटे उडाले. ब्राझीलच्या या कुस्तीत पाठ टेकली की खरा अभ्यास सुरू होतो. उताणे पडलेला माणूस आपल्या पायांनी वरच्याची कंबर वेढतो, त्याला अंतर मिळू देत नाही, त्याचा तोल ढळवतो, आणि संधी येताच हात किंवा मान पकडीत घेतो. नवशिक्याला प्रथम शिकवतात ते दोनच प्रकार: छातीवर बसलेल्याला कमरेचा पूल करून उलटवणे, आणि कुशीवर वळून कंबर मागे सरकवत सुटणे. दुसऱ्या प्रकाराला कोळंबीची उपमा देतात, कारण शरीर तसेच आकसते आणि झटकन मागे जाते. दिसायला साधे, पण महिनोन् महिने हेच करावे लागते. आधी जागा, मग पकड, हा येथला पहिला धडा.

पण लहान माणसाची ही विद्या लहान माणसाच्या खिशाला परवडत होती का? नाही. रिओतील ग्रेसींच्या शाळेत सुखवस्तू लोक येत आणि एकेकट्याने शिकवणी घेत. तेथे ओस्वाल्दो फादा यांचे नाव घेतले पाहिजे. जन्म १९२१, आरमारी दलातील शिपाई, गुरू लुईझ फ्रान्सा. बेंतो रिबेइरो या रिओच्या गरीब उपनगरात त्यांनी १९५० मध्ये शाळा काढली. चौपाटीवर, बागेत, जेथे जागा मिळेल तेथे त्यांनी फुकट शिकवले. १९५०च्या दशकात त्यांच्या पोरांनी ग्रेसींच्या शाळेला जाहीर आव्हान दिले आणि हरवलेही. पायाच्या पकडी हे त्यांचे हुकमी हत्यार. या पकडींना उच्चभ्रू मंडळी उपनगरी युक्त्या म्हणून हिणवीत, बरे का! ज्याला हिणवले त्याच युक्तीने पाडले.

याच सुमारास घडलेला एक प्रसंग नवशिक्यांना आजही सांगतात. महायुद्धानंतर जपानी शाळांतून ज्युदोला बंदी झाली, ती १९५० पर्यंत होती. त्यामुळे ज्युदोचे कित्येक जवान इतरत्र वळले. त्यांपैकी शोहाची इशी कुस्तीकडे गेला. १९५२ मध्ये हेलसिंकीला आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ज्या गटात कांस्यपदक मिळवून आले, त्याच गटाचे सुवर्णपदक या इशीने नेले. दुसरा मासाहिको किमुरा. पत्नी क्षयाने आजारी, औषधाला पैसा नाही, म्हणून तो परदेशी झुंजी खेळू लागला. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना मैदानावर त्याची आणि एलियो ग्रेसीची झुंज झाली. किमुराने एलियोचा हात पिळून पाठीमागे नेला. हाड मोडले तरी एलियोने हार कबूल केली नाही. अखेर कार्लोसने टॉवेल टाकून झुंज थांबवली. त्या पकडीला ब्राझीलच्या लोकांनी नाव दिले ‘किमुरा’. ज्याने आपल्याला हरवले त्याचेच नाव त्यांनी आपल्या पाठात कायमचे ठेवले.

एलियोच्या धैर्याचे कौतुक होते, आणि ते व्हावेही. परंतु आजच्या वर्गात नवशिक्याला याच्या नेमके उलट शिकवतात. पकड बसली की जोडीदाराच्या अंगावर दोनदा थाप मारायची. त्याने तत्काळ सोडायचे. दोघांनी हात मिळवून पुन्हा सुरुवात करायची. थाप मारणे म्हणजे मान खाली घालणे नव्हे. उद्या पुन्हा शिकायला येता यावे म्हणून हात शाबूत ठेवणे, एवढाच तिचा अर्थ. कानोंचा मोकळा सराव टिकला तो या दोन थापांच्या भरवशावर.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९६७ मध्ये रिओत या खेळाचा संघ स्थापन झाला आणि पट्ट्यांचा क्रम नियमबद्ध झाला. आज प्रौढांसाठी पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा असा तो क्रम आहे. काळ्यापर्यंत पोहोचायला दहा वर्षे सहज लागतात. १९९३ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे एलियोचा मुलगा रॉइस याने आपल्याहून वजनदार मल्लांना नमवले, आणि ही विद्या जगभर पसरली. १९९६ मध्ये रिओत पहिली जागतिक स्पर्धा झाली. एलियो २००९ साली, पंचाण्णव वर्षांचा होऊन वारला.

तालमी वाईट आणि परदेशी वर्ग चांगले, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्या मातीत पोराला लेकरासारखे सांभाळणारे वस्ताद मी पाहिले आहेत, आणि पांढऱ्या पट्ट्याच्या पोराला धसमुसळेपणाने घाबरवणारे लोक त्या वर्गांतही असतात. प्रश्न फक्त पहिल्या दिवसाचा आहे. कानो छळाला कंटाळलेला मुलगा होता, म्हणून शिक्षक झाल्यावर त्याने पडण्याचा पाठ सर्वांत आधी ठेवला. तुमच्या वर्गातही असा एक मुलगा किंवा मुलगी असेल. फळ्यावरचे गणित चुकेल, वाचताना जीभ अडखळेल, आणि बाकीची पोरे हसतील. त्या क्षणी त्याला पुढे काय करायचे ते सांगा. मला कोणी सांगितले नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मुलीला मी परवा विचारले, ‘काय गं, आज किती वेळा पडलीस?’

ती म्हणाली, ‘मोजले नाही, बाबा.’