गे बर्न : ठाऊक असणं आणि बोललं जाणं



इतिहासावरच्या व्याख्यानात राजे येतात, सेनापती येतात, समाजसुधारक येतात. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे ते यांपैकी कोणीच नव्हते. ते रेडिओवर आणि टेलिव्हिजनवर कार्यक्रम सादर करत. आयर्लंडमधले गे बर्न. गे हे गेब्रिएल या नावाचं लघुरूप. तिकडचे लोक त्यांना लाडानं ‘गेबो’ म्हणत.

कुणी विचारील, निवेदकाचा आणि इतिहासाचा संबंध काय? आमचा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला, तेव्हा आम्ही या प्रश्नाकडे त्याच वाटेनं जाणार. एखादी गोष्ट गावात प्रत्येकाला ठाऊक असते. पण ती सगळ्यांना ठाऊक आहे, हेही सगळ्यांना ठाऊक असणं ही निराळी अवस्था आहे. पहिल्या अवस्थेत समाज शंभर वर्षं सुखेनैव झोपू शकतो. दुसरी आली की झोप मोडते. आपल्याकडे म्हण आहे, झाकली मूठ सव्वा लाखाची. आयर्लंडची ही मूठ हळूहळू कशी उघडली, त्याची ही गोष्ट आहे.

बर्न यांचा जन्म 5 ऑगस्ट 1934 चा, डब्लिनचा. वडील पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यात होते, पुढे गिनेसच्या प्रसिद्ध कारखान्यात नोकरीला लागले. घर कष्टकरी, धर्म कॅथलिक. बर्नार्ड शॉ ज्या सिंज स्ट्रीटवर जन्मले, तिथेच ख्रिश्चन ब्रदर्सची शाळा आहे. बर्न त्या शाळेचे विद्यार्थी. त्याच शाळेतून गेलेले एमन अँड्र्यूज बीबीसीवर गाजत होते. तो आदर्श पोरसवदा बर्नपुढे होता. काही काळ विमा कंपनीत नोकरी केली आणि 1958 च्या सुमारास ते रेडिओवर आले. मग मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनवरही काम मिळालं. विमानानं इकडून तिकडे ये-जा करत ते दोन्हीकडे काम करू लागले.

आयर्लंडची स्वतःची दूरचित्रवाणी सुरू झाली 31 डिसेंबर 1961 च्या रात्री. उद्घाटनाला राष्ट्राध्यक्ष एमन डी व्हॅलेरा होते, वय 79. स्वातंत्र्यलढ्यातला हा म्हातारा त्या रात्री काय म्हणाला? आपल्याला या यंत्राची थोडी भीती वाटते, असं म्हणाला. अणुशक्तीसारखं हे साधन आहे, यातून अपार कल्याण होईल आणि कधी भरून न निघणारी हानीही होईल, असा त्याचा आशय होता. आज हे वाचून हसू येतं. पण आम्हाला वाटतं, त्या रात्री पुढचं सर्वात स्पष्ट त्यांनाच दिसलं होतं.

तेव्हाचा आयर्लंड कसा होता हे ध्यानात घ्या. गर्भनिरोधकांची आयात आणि विक्री 1935 पासून बेकायदा. घटस्फोटाला राज्यघटनेतच बंदी. लग्न झालं की सरकारी नोकरीतल्या बाईनं नोकरी सोडायची, आणि हा नियम 1973 पर्यंत चालला. शाळा, इस्पितळं, अनाथालयं बहुतांशी चर्चच्या हाती. बिशपचा शब्द मंत्र्यापेक्षा वजनदार.

अशा देशात जुलै 1962 मध्ये ‘लेट लेट शो’ सुरू झाला. उन्हाळ्यातले काही आठवडे भरून काढायचे एवढाच हेतू होता. मधला थोडा काळ सोडला तर मे 1999 पर्यंत तो बर्न यांनीच चालवला. 37 वर्षं! गंमत अशी की रूप साधं होतं. थोडं गाणं, थोडा विनोद, पाहुण्यांशी गप्पा, समोर प्रेक्षक, आणि सगळं थेट प्रक्षेपण. थेट असल्यामुळे पुढच्या क्षणी कोण काय बोलेल हे कुणालाच सांगता यायचं नाही. बर्न सादरकर्ते होते आणि बहुतेक काळ निर्मातेही. म्हणजे कुणाला बोलवायचं हेही त्यांच्याच हाती होतं.

फेब्रुवारी 1966 मधला एक किस्सा आयर्लंडमध्ये अजून सांगतात. नवरा-बायकोंचा गमतीचा खेळ चालला होता. दोघांना वेगवेगळं विचारायचं आणि उत्तरं जुळतात का पाहायचं. प्रश्न आला, लग्नाच्या रात्री बायकोच्या नाइटीचा रंग कोणता होता? नवरा म्हणाला, पारदर्शक. बायको म्हणाली, बहुधा घातलीच नव्हती. प्रेक्षक हसले, तीही हसली. दुसऱ्या दिवशी क्लॉनफर्टच्या बिशपांनी लॉख्रे इथल्या प्रवचनात कार्यक्रमाचा निषेध केला, वर्तमानपत्रांनी मथळे दिले, ठिकठिकाणी निषेध झाले. वाहिनीनं खेद व्यक्त केला, बर्न यांनीही केला.

वरवर हा बिशपांचा विजय होता. पण प्रत्यक्षात काय झालं? घरोघर लोक विचारू लागले, अरे, यात एवढं वाईट काय होतं? विवाहित जोडप्याच्या पहिल्या रात्रीविषयी एक बाई हसत बोलली, एवढंच. बिशपांवर हसता येतं हे कित्येकांना आधीच ठाऊक होतं. शेजाऱ्यालाही तसंच वाटतं, हे आता कळलं. ऑलिव्हर फ्लॅनगन नावाचे एक खासदार होते. टेलिव्हिजन येण्यापूर्वी आयर्लंडमध्ये कामवासना नव्हती, असं वाक्य त्यांच्या नावावर सांगितलं जातं. त्यातला ‘वासना’ हा शब्द काढून तिथे ‘बोलणं’ घाला, म्हणजे विधान अगदी खरं ठरतं.

पुढे 6 मार्च 1971 ला स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायका या कार्यक्रमात आल्या आणि राजकारण्यांवर तुटून पडल्या. खासदार गॅरेट फिट्झजेराल्ड हे घरी बसून पाहत होते. राहवेना, तसेच उठून स्टुडिओत आले आणि वादात उतरले. हेच पुढे पंतप्रधान झाले. त्याच वर्षी 22 मे रोजी याच चळवळीतल्या बायका रेल्वेनं बेलफास्टला गेल्या, तिथून गर्भनिरोधकं आणली आणि डब्लिनच्या स्टेशनवर कस्टमच्या लोकांसमोर उघड दाखवली. कायदा मोडला, पण अटक झाली नाही.

आता रेडिओकडे वळू. आमच्या मते त्यांचं मोठं काम इथलं आहे. 1973 पासून 1998 पर्यंत सकाळी त्यांचा कार्यक्रम असे. ऐकणाऱ्या बहुतांशी घरातल्या बायका. आपल्याकडे ‘वनिता मंडळ’ लागायचं तेव्हा स्वयंपाकघरात रेडिओ कसा चालू असे, ते आमच्या पिढीला आठवत असेल. फरक हा की तिथे बायका पत्रं लिहीत, आणि ती पत्रं गाण्याच्या फर्माइशीची नसत.

31 जानेवारी 1984. लाँगफर्ड परगण्यातलं ग्रॅनार्ड हे छोटं गाव. तिथे पंधरा वर्षांची एक शाळकरी मुलगी चर्चजवळच्या मेरीमातेच्या गुंफेपाशी एकटीच बाळंत झाली. पावसाळी, थंडीचे दिवस. बाळ गेलं, त्याच दिवशी तीही गेली. तिच्या दिवसांविषयी गावाला ठाऊक होतं की नव्हतं, यावर तिथे बरीच वर्षं कुणी धड बोललं नाही. बातमी ‘संडे ट्रिब्यून’नं छापली. आदल्या रात्री ‘लेट लेट शो’मध्ये उद्याची वर्तमानपत्रं चाळताना बर्न यांनी तो मथळा वाचला, आणि यात विशेष काही नाही अशा अर्थाचं बोलून अंक बाजूला टाकला. थोर माणसाची गोष्ट सांगताना ही जागा गाळायची नसते.

कारण पुढचं त्याशिवाय कळत नाही. रेडिओच्या कार्यक्रमाकडे पत्रं येऊ लागली. दहा-वीस नव्हे, ढिगानं. कुणी आयुष्यात पहिल्यांदाच लिहीत होतं. माझंही असंच झालं होतं. मीही असंच लपवलं. माझं मूल नेलं, कुठे नेलं ते सांगितलं नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या हकिगती होत्या. 23 फेब्रुवारीला बर्न यांनी सगळा कार्यक्रम या पत्रांना दिला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ती एकामागून एक वाचली. भाष्य जवळजवळ नाहीच.

मित्रहो, तोंड दाबून बुक्क्यांचा मार आपण म्हणतो ना, तो या बायकांनी सोसला होता. आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच. त्या सकाळी स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला कळलं की आपण एकटी नाही. निवेदकानं केलं काय? तो गप्प बसला. ज्या आवाजानं मथळा झटकून टाकला होता, त्याच आवाजानं पत्रं वाचली आणि स्वतःचं मत मध्ये आणलं नाही. वाट्टेल तेव्हा बोलू शकणाऱ्या माणसानं असं गप्प राहणं फार अवघड असतं. चाळीस वर्षं वर्गात बोलून आम्हाला हे उशिरा कळलं.

याच्या काहीच महिने आधी, सप्टेंबर 1983 मध्ये, सार्वमत घेऊन गर्भपाताविरुद्धची आठवी दुरुस्ती राज्यघटनेत घातली गेली होती. पत्रांनी ती हलली नाही. पुढे 2012 च्या ऑक्टोबरात बेळगावची लेक, दंतवैद्य सविता हलप्पनवार, गॉलवेच्या इस्पितळात गेली. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होतं, तरी मागितलेला गर्भपात नाकारला गेला, आणि जंतुसंसर्गानं वयाच्या 31 व्या वर्षी तिचा मृत्यू झाला. ही बातमी आपल्या घरातली म्हणून आपण वाचली. ती दुरुस्ती 2018 च्या मे महिन्यात 66 टक्क्यांहून जास्त मतांनी रद्द झाली. ऐकलं जाणं आणि कायदा बदलणं यांच्यामध्ये किती वर्षं आणि कुणाचे जीव जातात, ते यावरून पाहा.

बर्न यांच्या मर्यादाही होत्या. एप्रिल 1993 मध्ये ॲनी मर्फी या अमेरिकन बाई त्यांच्यासमोर बसल्या. लोकप्रिय बिशप एमन केसी यांच्यापासून त्यांना मुलगा झाला होता. हे उघड झाल्यावर केसींनी आदल्या वर्षी राजीनामा दिला होता. मुलाखतीत बर्न यांची सहानुभूती बिशपांकडे झुकलेली दिसत होती. शेवटी ते म्हणाले, तुमचा मुलगा वडिलांच्या निम्मा जरी चांगला निघाला तरी पुष्कळ झालं. त्यावर बाई म्हणाल्या, मीही काही एवढी वाईट नाही, मिस्टर बर्न. आणि उठून गेल्या. त्यांच्या त्या एका वाक्यानं मुलाखतीचा निकाल लागला. व्यासपीठ उभारणाऱ्यावर व्यासपीठ उलटतं, ते असं.

मग प्रश्न उरतो, आयर्लंड त्यांनी बदलला का? तसं म्हणणं भाबडेपणाचं होईल. 1958 पासून आर्थिक धोरण बदललं, 1967 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं, 1973 मध्ये देश युरोपीय समुदायात गेला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं चर्चलाच आतून हलवलं. बदलाची लाकडं सगळीकडून येत होती. बर्न यांनी चूल मांडून दिली. ते स्वतः बंडखोर नव्हतेच. सावध, नीटनेटके, बरेचसे परंपरेतले. म्हणूनच लोकांनी त्यांना घरात येऊ दिलं. बंडखोराला दारातूनच परत पाठवलं असतं.

म्हातारपणी ते ‘जीवनाचा अर्थ’ या नावाच्या मालिकेत नामवंतांना श्रद्धेविषयी विचारत. 2015 मध्ये त्यांनी स्टीफन फ्राय यांना विचारलं, स्वर्गाच्या दारात देव भेटला तर काय म्हणाल? फ्राय म्हणाले, लहान मुलांना हाडांचा कर्करोग? काय हे? तत्त्वज्ञानात याला आपण अनिष्टाची समस्या म्हणतो, आणि परीक्षेत दहा गुणांना विचारतो. तिथे एका प्रेक्षकानं ईश्वरनिंदेची पोलिसात तक्रार केली. 2017 मध्ये ती चौकशी गाजली आणि मिटली. 2018 च्या सार्वमतात ईश्वरनिंदेचा गुन्हा राज्यघटनेतून काढण्यात आला. बर्न यांनी फक्त प्रश्न विचारला होता, आणि उत्तर पूर्ण होऊ दिलं होतं.

4 नोव्हेंबर 2019 ला ते गेले. अंत्यविधी डब्लिनच्या प्रो-कॅथेड्रलमध्ये, चर्चच्या विधीनंच झाला. आम्हाला यात विसंगती दिसत नाही. श्रद्धा राहू शकते, मूठ मात्र उघडावी लागते.

घरी गेल्यावर एवढंच करा. आपल्या घरात, आळीत, संस्थेत सगळ्यांना ठाऊक असलेली पण कुणी न बोललेली एक गोष्ट आठवा. ती कुणी बोलू लागलं, तर मध्ये बोलू नका.