जहाजासाठी झिजणारा धातू

समुद्राकाठी राहणाऱ्याला खाऱ्या हवेचा इंगा वेगळा सांगावा लागत नाही. खिडकीचे गज गंजतात, कुलपं अडकतात, विजेच्या तारांच्या टोकांवर हिरवट थर चढतो. मग जी वस्तू बारा महिने खाऱ्या पाण्यातच असते, त्या जहाजाचं काय होत असेल? या खाऱ्या शत्रूशी माणसाने दिलेल्या झुंजीचा इतिहास मोठा रंजक आहे. त्यातल्या एका महत्त्वाच्या प्रयोगाचा धागा तर आपल्याच पश्चिम किनाऱ्याशी जुळतो.

अठराव्या शतकात इंग्रज आरमाराला गंजापेक्षाही लाकूड पोखरणाऱ्या समुद्री किड्यांची धास्ती होती. त्यावर उपाय म्हणून १७६१ मध्ये 'अलार्म' या युद्धनौकेच्या तळाला तांब्याचे पत्रे मारले गेले. वेस्ट इंडीजहून ती परतल्यावर १७६३ मध्ये तपासणी झाली. पत्र्याखालच्या लाकडाला किड्यांनी तोंडही लावलं नव्हतं. पण तांब्याला टेकलेले लोखंडी खिळे मात्र जागोजागी सडून गेले होते. गंमत अशी, की काही खिळे धडधाकट होते. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद तिथे तांबं आणि लोखंड यांच्यामध्ये तसाच राहून गेला होता!

तांबं आणि लोखंड यांचा खाऱ्या पाण्यात एकमेकांना स्पर्श होऊ देऊ नये, हा धडा त्यातून मिळाला. असं का होतं, याचा उलगडा मात्र व्होल्टाने १८०० मध्ये बॅटरी जगापुढे आणल्यानंतर होऊ लागला. दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले आणि दोन्ही खाऱ्या पाण्यात बुडालेले असले, की वीज वाहू लागते. त्यातला एक धातू झिजतो, दुसरा वाचतो. 'अलार्म'चा तळ म्हणजे नकळत तयार झालेली एक प्रचंड बॅटरीच होती.

हाच नियम कामाला लावण्याची कल्पना सुचली हम्फ्री डेव्हीला. खाणकामगारांच्या सुरक्षा-दिव्याचा जनक तो हाच. तांब्याचे महागडे पत्रेही समुद्रात हळूहळू विरघळत असत. डेव्हीने १८२४ मध्ये रॉयल सोसायटीपुढे उपाय मांडला: तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडा, तो झिजेल आणि तांबं टिकेल. या प्रयोगांत मायकेल फॅरेडेही त्याच्या मदतीला होता. ज्या नौकांवर चाचणी झाली त्यांपैकी 'समारंग' ही कोचीनला बांधलेली होती. लोखंडाचे ठोकळे लावून ती सफर करून आली, तेव्हा तांबं जवळजवळ शाबूत होतं.

पण आनंद फार टिकला नाही. अशा नौकांच्या तळांवर शेवाळ आणि शिंपल्यांची दाटी होऊ लागली. विरघळणारं तांबं या जीवांना विषासारखं होतं, म्हणून ते चिकटत नसत. झीज थांबली आणि विषही थांबलं! नौकांचा वेग मंदावला आणि आरमाराने ते ठोकळे उतरवले. डेव्हीला टीका सोसावी लागली. १८२९ मध्ये त्याचं निधन झालं.

मला ही गोष्ट विज्ञानाच्या पराभवाची वाटत नाही. नियम अचूक होता, फक्त जहाज म्हणजे नुसता धातू नव्हे, हे लक्षात यायचं होतं. पुढे लोखंडी आणि पोलादी जहाजं आली. त्यांचा तळ रंगाने झाकता येई, तेव्हा डेव्हीच्या युक्तीचं सोनं झालं. आज जहाजांना, बंदराच्या खांबांना, जमिनीखालच्या पाइपांनाही असाच बळी जाणारा धातू जोडतात.

आपल्या मच्छीमार नौकेवरही आता इंजिन, बॅटरी, वायरलेस असतं. कुठे तार उघडी पडून वीज पाण्यात गळू लागली, तर धातू कितीतरी वेगाने खाल्ला जातो. म्हणून कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तारा वापराव्यात, जोड पाणी शिरणार नाही असे बंद करावेत, बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावावं, मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढावं. तळाला लावलेल्या जस्ताच्या तुकड्याला मात्र कधीही रंग फासू नये. तो झिजलेला दिसला तर हळहळू नका, वेळेवर बदला. महिनोन् महिने तो जसाच्या तसा दिसला, तर मात्र त्याच्याऐवजी दुसरं काय झिजतंय, ते आधी शोधा.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)