आदिलाबादचा साग आणि बिनखिळ्याचा सांधा

इतिहास लिहिताना आपण राजवटींची नोंद घेतो, वास्तूंची घेतो, क्वचित त्या उभारणाऱ्या धनिकांचीही घेतो. परंतु त्या वास्तूंची दारे पिढ्यान्‌पिढ्या सरळ कशी राहिली, हे सहसा कोणी विचारीत नाही. आदिलाबादसारख्या सागाच्या मुलखात तरी हा प्रश्न विचारावयास हवा.

हा जिल्हा १९०५ साली निजामाच्या राज्यात अस्तित्वात आला. पैनगंगा, प्राणहिता आणि गोदावरी ह्या नद्यांच्या दरम्यान गोंडी, कोलामी, तेलुगू, मराठी व उर्दू ह्या भाषा शेजारी नांदल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी किनवट आणि राजुरा हे भाग येथून निघून तत्कालीन मुंबई राज्यात आले. २०१६ मध्ये उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. नकाशावरील रेषा बदलल्या, तरी साग आणि त्याचा स्वभाव दोन्हीकडे तोच राहिला.

साग वाळवीला सहजी दाद देत नाही. हवेतील ओलाव्याला मात्र तोही बधतो. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५ टक्के, तर गाभ्यापासून सालीच्या दिशेने त्याच्या निम्म्याने आकसतो. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. वाळल्यावरही ही हालचाल थोडीफार चालूच राहते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास आणि त्यामागोमाग धो धो पाऊस, अशा हवेत रुंद फळी दर वर्षी आकसते व फुगते. तिच्यावर आडवी पट्टी खिळ्यांनी घट्ट ठोकली, तर फळीला हलता येत नाही आणि ती तडकते. पट्टीच नसली, तर ती वाकते.

ह्या दुहेरी पेचावरील उत्तर म्हणजे सरकत्या पट्टीचा सांधा होय. फळीच्या पाठीवर आडवी खाच घ्यावयाची. ती तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद. पट्टीची कडही तशीच तिरपी तासून ती बाजूने सरकवावयाची. पट्टी वर निसटत नाही, म्हणून फळी वाकत नाही; फळी पट्टीवरून सरकू शकते, म्हणून ती तडकत नाही. ह्या आकाराला इंग्रजांनी पारव्याच्या शेपटीचे, तर फ्रेंच आणि जर्मन लोकांनी पाकोळीच्या शेपटीचे नाव दिले.

हातहत्यारांनी हे काम करणे संयमाचे आहे. आधी गुण्या आणि खतकस घेऊन रेघा मारावयाच्या. खोली फळीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश. मग तिरप्या कापलेल्या ठोकळ्याच्या आधाराने करवत चालवून दोन्ही कडा कापावयाच्या आणि मधले लाकूड पटाशीने काढावयाचे. लांबीभर अगदी किंचित निमुळतेपणा ठेवला, तर पट्टी सुरुवातीला सैल जाते आणि शेवटच्या बोटभर अंतरात घट्ट बसते. सरस लावावयाचाच झाला, तर एकाच ठिकाणी. सर्वत्र लावला, तर सांध्याचा हेतूच मारला जातो.

ह्याच मुलखातील निर्मळच्या खेळण्यांची रीत ह्याहून अगदी वेगळी. तेथे पोणिकी नावाचे हलके, मऊ लाकूड कोरतात आणि तुकडे चिंचोक्यांच्या खळीने जोडून वर रंग चढवितात. चिमुकल्या तुकड्यांत आकसणे नगण्य, म्हणून खळ पुरते. रुंद फळीला ती पुरत नाही. लाकडाचा स्वभाव पाहून रीत ठरविणे, हेच दोन्ही कारागिरांचे खरे ज्ञान.

निर्मळच्या कलेला नाव मिळाले. सुताराच्या खाचेला मिळाले नाही. गावगाड्यात सुतार महत्त्वाचा बलुतेदार. पण त्याचे बलुते औत-वखरांसाठी ठरलेले असे. वनखात्याच्या आगारात प्रत्येक ओंडक्याची लांबी व घेर नोंदला जातो. त्याच ओंडक्याच्या फळ्या कोणी, कशा सांधल्या, ह्याला रकाना नाही.

प्लायवूड ओलाव्याने फारसे आकसत-फुगत नाही. त्यामुळे ह्या सांध्याची गरजच कमी झाली. ह्यात कोणाचा दोष नाही. दोष आहे तो जुनी घरे पाडताना दारांच्या फळ्या सुट्या करून विकण्यात आणि पट्ट्या जळणात टाकण्यात, कारण त्या पट्टीच्या तिरप्या कडेवरच कारागिराने लाकडाचा किती विचार केला होता, हे लिहिलेले असते. दार मोडण्यापूर्वी त्याचे माप, छायाचित्र आणि एखाद्या वृद्ध सुताराच्या तोंडची नावे टिपून ठेवणे हे काम मोठ्या खर्चाचे नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मंडळींनी ते हाती घ्यावे. साग दोघांचाही आहे.